ताण्याचं दुसरं टोक

आमच्या माण तालुक्यातल्या गावात सभा कुठल्याही पक्षाची असो, पुढाऱ्याच्या बुडाखाली घोंगडं सखातात्यांचंच असायचं. न मागता आणायचे, स्वतः अंथरायचे, आणि पहिल्या रांगेत बसून पुढाऱ्याकडं नाही, घोंगड्याकडं बघत राहायचे. एकदा एक मोठे साहेब सरकत सरकत कडेला आले, तर तात्या भर सभेत उठून म्हणाले, "सायेब, काठावर बसू नगा. काठाला लय कष्ट पडत्यात."

सभा संपली की घोंगडं झटकायचे. "कुठल्या पक्षाची धूळ जास्त, तात्या?" असं पोरांनी डिवचलं की म्हणायचे, "धूळ सारकीच हाय रं. बसनाऱ्याचं वजन तेवडं येगळं."

तात्या आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. पिढ्यान्‌पिढ्या घोंगडी विणणारं घर. बायको बहात्तरच्या दुष्काळात गेली, आणि एकुलता एक मुलगा नामा मुंबईला गिरणीत. आधी दिवाळीला यायचा, मग दिवाळीलाही येईना. तात्या एसटीच्या प्रत्येक कंडक्टरला विचारायचे, "मुंबैच्या गिरन्या बंदबिंद पडनार हायेत का वं?" लोक हसायचे. तात्या म्हणायचे, "इचारून बगाय काय जातंय?"

घोंगडं विणायच्या आधी लोकरीचा ताणा, म्हणजे उभं सूत, अंगणात लांब ताणतात. त्याला चिंचोक्याची खळ लावायची आणि दोघांनी दोन टोकांकडनं कुंच्यानं घासत मधे यायचं. एकट्यानं करायला गेलं की तो पोचेपर्यंत दुसरीकडची खळ वाळून जाते, सूत तुटतं. नामा गेल्यापासून तात्यांचं असंच चाललं होतं. माग पार बंद पडायला आलेला.

एका निवडणुकीआधी देवळापुढं दोन्ही उमेदवार एकाच घोंगड्यावर बसले. लहान धंद्यांसाठी कुणाच्या पक्षाचं धोरण चांगलं, यावर वाद. सगळं ऐकून तात्या उठले. "माज्या ताण्याचं दुसरं टोक धराय घरात मानूस न्हाई. तुमच्या धोरनात माजा नामा माघारी यायची काय सोय हाय?"

पहिले म्हणाले, "तात्या, आम्ही यंत्र देतो. माणूस लागणारच नाही."

दुसरे उसळले. "यंत्र कशाला? आम्ही सांगलीत कारखाने काढू. तुमच्या पोराला तिथं पर्मनंट करू."

मग यंत्र की कारखाना, यावर दोघांची अशी जुंपली की तात्या उभे आहेत हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. टाळ्या दोघांनाही पडल्या. तात्या हळूच म्हणाले, "म्हंजे दोगांच्याबी राज्यात घरी कोन येत न्हाई," आणि खाली बसले. त्या दिवशी घोंगडं त्यांनी झटकलं नाही. तसंच खांद्यावर टाकून नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर अंगणात ताणा लावलेला, खळीचं पातेलं वाफाळतंय, आणि तात्या एका टोकाला नुसते उभे. मला राहवलं नाही. पदर खोचून गेले. म्हटलं, "तात्या, मला येत नाही, पण सांगाल तसं करते."

खुंटीला एक कुंचा होता, तो काढायला हात घातला तर तात्या गडबडीनं पुढं आले.

"त्यो नगं वैनी. त्यो नामाच्या हाताला बसलाय. माजा घ्या."

आपला कुंचा त्यांनी माझ्या हातात दिला, दुसऱ्या टोकाला गेले आणि त्या गरम खळीत उघडा तळहात बुडवला.