कोरी नळी

बारा वर्षं मी लोकांचं रक्त काढते आहे आणि आजवर माझं एकही सॅम्पल फुकट गेलेलं नाही, हे मी डॉक्टर निशा मॅडमना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. धामणकर नाक्यावरच्या आमच्या लॅबमध्ये कुणालाही विचारा. ज्यांची शीर सापडत नाही त्यांना माझ्यासमोर आणून बसवतात. त्यामुळे मॅडमच्या संशोधनाचं काम मिळालं तेव्हा मला आनंद वगैरे झाला नाही. चला, योग्य माणूस सापडला एकदाचा, इतकंच वाटलं.

काम असं होतं. मानकोलीकडच्या गोदामांत बायका दिवसभर क्रीम, शाम्पू, पावडरीचे डबे खोक्यांत भरतात. प्लास्टिकमधली आणि या असल्या मालातली केमिकल्स त्यांच्या रक्तात किती उतरतात ते मोजायचं. चाळीस बायका, चाळीस काचेच्या नळ्या. शिवाय एकेचाळिसावी कोरी नळी. तिच्यात रक्ताऐवजी मॅडमनी दिलेलं शुद्ध पाणी भरायचं, बाकी सगळं अगदी तसंच करायचं. अट एकच, आदल्या दिवसापासून बायकांनी अंगाला काही लावायचं नाही.

ही अट गावात सांगायचं काम दौलतकडे होतं. शिबिर गावच्या सभागृहात होतं. तिथली चावी आणि माईक दोन्ही त्याच्याकडे असतात, त्यामुळे गाव आपणच चालवतो असं त्याला वाटतं. रविवारी सकाळी मी सभागृहाचं दार उघडलं आणि वासाने दोन पावलं मागे सरले. चाळीस बायका हळदीला निघाल्यासारख्या नटून बसल्या होत्या. पावडर मानेपासून कोपरापर्यंत. एकीने तर मेंदीसुद्धा काढली होती.

"दौलत, काय सांगितलंस यांना?"

"हेच, मुंबईच्या डॉक्टरांचं शिबिर आहे, फोटो निघेल, नीट या."

"आणि काही लावू नका, हे?"

"ते कागदाच्या मागे होतं, ताई. मागे कोण बघतं?"

माझ्या डोक्यात यंत्रमागांचं शेड खडखडायला लागलं. मी सगळ्यांना हात धुवायला पिटाळलं, तर नळ कोरडा. तेव्हा ठकुबाई उठल्या. त्या गोदामातल्या बायकांच्या मुकादम. साठीच्या, आवाज ट्रकच्या हॉर्नसारखा.

"बाय, माज्या घरा पानी हाय. दोन हांडे आनते, समद्या धुतील."

"मावशी, अकराच्या आत नळ्या गाडीत जायला हव्यात. मला शिकवू नका."

त्या परत जागेवर बसल्या. मला वाटलं, बसवलं गप्प.

मी दौलतला समोरच्या दुकानात पाठवलं आणि वेट वाइप्सची सहा पाकिटं मागवली. पाकिटावर गुबगुबीत बाळ होतं. बाळाला चालतं ते बायकांना चालणारच. मग काय, रागारागात एकेकीचा हात धरून भांडं घासावं तसा पुसला. टेबल पुसलं. माझे हात दर वेळी पुसले. शेवटी शुद्ध पाण्याच्या बाटलीचं तोंडसुद्धा पुसलं. अकराला पाच कमी असताना गाडी निघाली आणि मी दौलतकडे असं बघितलं की तो माईक घेऊन आत गेला.

तीन आठवड्यांनी राहवेना, म्हणून मुंबईच्या लॅबमध्ये जीवनला फोन केला. जीवन मॅडमचा सहायक.

"एक केमिकल सगळ्यांत निघालंय," तो म्हणाला आणि त्याचं नाव सांगितलं. "क्रीम खराब होऊ नये म्हणून घालतात ते. चाळीसच्या चाळीस. पण तपासणी पूर्ण व्हायचीय, कुठे बोलू नका."

चाळीसच्या चाळीस. माझं डोकं भणभणलं. या बायका दहा-दहा तास उभ्या राहून दुसऱ्यांच्या गालांची क्रीमं खोक्यांत भरतात, आणि ते यांच्या रक्तात जाऊन बसतं, आणि मी कुठे बोलू नको? मी बोलले नाही. फक्त ठकुबाईंना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टला एकही बाई गोदामात गेली नाही. सगळ्या फाटकात बसल्या. ट्रकांची रांग हायवेपर्यंत गेली. मला बायकांचं बोलावणं आलं तशी रजा टाकून मी पोचले, आणि कुणीतरी हात दिल्यावर माल रचायच्या एका लाकडी पॅलेटवर उभीही राहिले. समोर गोदामाचा मॅनेजर दीपेश, इस्त्रीचा शर्ट घालून.

"डब्यावर आत काय आहे ते मुंगीएवढ्या अक्षरांत छापता," मी त्याला सुनावलं. "का? कुणी वाचू नये म्हणून?"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला चढलं. मी पुढचं वाक्य जुळवत होते, तेवढ्यात फोन वाजला. निशा मॅडम.

"सुकन्या, एकेचाळीस नंबरची नळी कुणाची?"

"कुणाचीच नाही मॅडम. पाण्याची."

"तिच्यातही तेच निघालंय. मग पाणी कुठलं क्रीम लावतं?"

मी पॅलेटवरच उभी होते. चाळीस जणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"हात कशाने पुसलेस त्यांचे?" मॅडमचा आवाज अगदी शांत होता, आणि त्याचीच मला भीती वाटली.

उरलेलं सहावं पाकीट माझ्या पर्समध्येच होतं. मी ते उलटं केलं. बाळाच्या पाठीमागे, मुंगीएवढ्या अक्षरांत, चौथं नाव. त्याच केमिकलचं.

खाली उतरावं की पळावं, हे कळेना. उतरले. आणि सांगितलं. सॅम्पल वाया गेली, सगळी. केमिकल मीच तुमच्या हातांना चोळलं. खरं किती आहे ते कुणालाच माहीत नाही.

आधी दीपेश हसला. पोट धरून हसला. मागे ट्रकवाले हसले. गर्दीत आलेला दौलतही हसला, आणि त्याला तरी मी काय म्हणणार होते?

ठकुबाई उठल्या आणि सरळ दीपेशसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "हसतस कनाला? हिचा माप चुकला. आमच्या रगतान काय न्हाय, असा कुनी सांगला? तुला म्हाईत हाय?"

दीपेशचं हसू गेलं. "मला कसं माहीत असणार?"

"मंग गप ऱ्हा."

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"आर्धा दिस खाडा करून आलेलू आमी. पानी आनते बोलली मी. तवा तू काय बोललीस?"

"मला शिकवू नका म्हणाले."

"मंग आता शिक. आमी परत देऊ रगत. आमाला बी कलाया पायजे काय हाय ते. पन पानी आमचा. आनि पयला रगत तुजा. सगल्यांना टोचत फिरतेस, तू कवा दिलास?"

कधीच नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. बायका कामावर गेल्या, ट्रक हलले. मॅडमनी मला फोनवर अर्धा तास झापलं आणि शेवटी दुसऱ्या शिबिराची तारीख दिली.

त्या रविवारी दारात पाण्याचे सहा हंडे होते. कुणाच्या अंगाला पावडरीचा कण नव्हता. सुई जीवनच्या हातात होती. मी बाही वर केली, खुर्चीत ऐटीत बसले आणि म्हटलं, "बिनधास्त टोच, मला काही होत नाही."

नळीत लाल रंग चढताना दिसला, तो शेवटचा. डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर होते, डोकं ठकुबाईंच्या मांडीवर, आणि दौलत रजिस्टरने वारा घालत होता.

त्या दिवशी सगळ्या नळ्या शिगोशीग भरून मुंबईला गेल्या. एक अर्धीच होती. तिच्यावर माझं नाव आहे.