भरदुपारी रात्र करणारे तुळशीरामकाका

दुपारी बाराला गल्लीत भाजीवाला ओरडला, की शेजारच्या घरातून हमखास आवाज येतो, "काहून बे, अर्ध्या राती वरडून राह्यला?"

हे आमचे तुळशीरामकाका. वणीजवळच्या कोळसा खाणीत तीस वर्षं रातपाळी केली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण सवय काही सुटली नाही. सकाळी सहाला वरण-भात जेवतात, डोळ्यांवर दुपट्टा बांधतात आणि दिवसभर घोरतात. रात्री टॉर्च घेऊन कोणाचं फाटक उघडं, कोणाचा नळ गळतो, ते बघत फिरतात. काकू गेल्या, मुलगा नागपूरला. टोकणारं कोणी नाही.

आमची ओवी तिसऱ्या वर्षी रात्री दीडच्या सुमारास किंचाळत उठायला लागली. डोळे सताड उघडे, पण आई ओळखू येत नाही. अर्धा तास आकांत, मग गाढ झोप. सकाळी तिला काही आठवायचं नाही. आठवायला सुजल्या डोळ्यांचे आम्ही दोघं होतोच. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. डॉक्टर म्हणाले, "हलवून जागं करू नका, जवळ राहा. वयाबरोबर जाईल." तोवर मी शाळेत फळ्याला टेकून डुलक्या घेत होते.

अगदी पहिल्या रात्री किंकाळी ऐकून काका धावत आले होते आणि त्यांनी खाणीतली शिट्टी फुंकली होती. धोका म्हटला की शिट्टी, एवढंच त्यांना ठाऊक. ओवी सोडून सगळी गल्ली जागी झाली होती.

काही दिवस आमचे हाल बघून एका संध्याकाळी ते आम्हाला शिस्त लावायला आले. "दोघंबी संगच जागता, हे चूक हाय. एकानं झोपाचं. रिलिव्हर, म्हंजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याबिगर जागा सोडाची नाही, अन् आल्यावर थांबाचं नाही." त्या दिवसापासून आम्ही पाळ्या लावल्या आणि काका रात्री सोबतीला आमच्या ओट्यावर बसू लागले. खरं सांगते, त्यांच्यामुळेच आम्ही तगलो.

एकदा नवरा पुसदला गेलेला आणि मला सणकून ताप. ओवी किंचाळली. तिला उचलून कशीबशी दारापर्यंत आले आणि काकांच्या हातात दिली. काका तिला अंगापासून लांब धरून नुसते उभे राहिले.

"खांद्यावर घ्या ना, काका."

"मले येत नाही वं. माहा पोरगाबी असाच उठे म्हणते. तो कॉलेजात गेल्यावर त्याच्या मायनं सांगतलं. तिनं एकटीनं काढलं सारं. ड्युटी बदलून मांगता आली असती मले. मांगली नाही."

मी ओवीचं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकवलं, त्यांचा हात तिच्या पाठीवर ठेवला. हळूहळू हुंदके थांबले, ती झोपली.

"द्या आता, गादीवर ठेवते," मी म्हटलं.

"राहू दे वं थोडा वेळ," काका म्हणाले. उजाडेपर्यंत त्यांनी तिला खाली ठेवलं नाही.