तेहतीस इंची टायर आणि चौथं लिंबू

आमच्या अख्ख्या अग्रहार मोहल्ल्यात माझ्या पिकअपएवढी उंच गाडी नाही, हे आधीच सांगून टाकतो. तिचं सस्पेन्शन चार इंच वर उचलून घेतलं आणि तिला शोभतील असे टायर शोधायला थेट येलवालच्या टायरवाल्या शेषगिरीकडे गेलो.

"सर, जाणार कुठं तुम्ही?" त्याने विचारलं.

"नंजनगूडला. शाळेचे गणवेश पोचवायला."

"मग हे घ्या की. बारीक नक्षी, डांबरी रस्त्याला छान."

मी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझा जीव जडला होता तेहतीस इंची टायरवर. खाचा इतक्या खोल, की माझ्या शिलाई मशीनची बॉबिन पडली तर हरवूनच जाईल!

"हे चिखलासाठी, सर."

"अग्रहारात पाऊस पडतो की," मी म्हणालो आणि चारही बसवून घेतले.

खरं कारण वेगळंच होतं. माझी आई, गिरिजाबाई, जन्मभर बसमध्ये उभी राहून नंजनगूडच्या देवळात गेली. एकदा तरी तिला पुढच्या सीटवर ऐसपैस बसवून न्यायचं होतं. पण आई म्हणाली, "दसऱ्याची आयुधपूजा होऊ दे. चारी चाकांखाली लिंबं फुटली की चढते. एक जरी राहिलं तर बेड रे बाबा." आईचं कानडी 'बेड' म्हणजे नको, आणि ते आजवर बदललेलं नाही.

पूजेच्या सकाळी उत्साहाने मला इडलीसुद्धा गेली नाही. बायकोने, तुळसीने, टायरना हळदकुंकू लावलं, कोहळा फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. दसऱ्यात लिंबं महाग, म्हणून तिने सुपारीपेक्षा जराशीच मोठी आणली होती. मी गाडी पुढे घेतली. फच्, फच्, फच्.

"चौथं?" आईने विचारलं.

तुळसी वाकली. "अहो, खाचेत बसलंय. मजेत आहे."

मागे घेतली, पुढे घेतली. लिंबू चाकाबरोबर वर जायचं, फिरून खाली यायचं, साधा ओरखडा नाही. वजन कमी पडतंय म्हणून शेजारच्या नऊ जणांना मागे चढवलं आणि सगळ्यांना लिंबाच्या बाजूला उभं केलं. गाडी कलली, लिंबू तसंच.

आईने पिशवी उचलली आणि बसस्टँडच्या दिशेने पाहिलं. सगळ्यांना खाली उतरवून मी ॲक्सिलरेटर जोरात दाबला. लिंबू खाचेतून उडालं आणि रस्त्यावर घरंगळत गेलं.

नेमके तेव्हाच गल्लीतले निवृत्त मास्तर दत्तोजीराव आपल्या जुन्या स्कूटरवरून आले. फच्.

मास्तर घाबरून थांबले. "काय चिरडलं मी?"

आईने त्यांच्या चाकाखाली वाकून पाहिलं, हात जोडले आणि पदर खोचून स्कूटरच्या मागे बसली. "मास्तर, नंजनगूडला येता का? देवाने तुमचीच गाडी पसंत केलीय."

"आई, तीन तर माझ्याच चाकांखाली फुटलीत की," मी काकुळतीला आलो.

"म्हणून तर तू मागनं ये म्हणते," आई म्हणाली.

गेलो. तेवीस किलोमीटर, दुसऱ्या गिअरमध्ये, स्कूटरचा धूर खात. लोक थांबून थांबून माझे टायर बघत होते. ओव्हरटेक करायचं म्हणाल, तर आई पुढे असताना माझी काय बिशाद?