उलट्या पावलांचे मेश्राम सर

लाखांदूरच्या बस स्टँडपासून माझ्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत यायला साध्या माणसाला सहा मिनिटं लागतात. मेश्राम सरांना वीस लागायची, कारण ते उलटे चालत यायचे. उलटे म्हणजे तोंड स्टँडकडे, पाठ आमच्याकडे आणि पाय मागे मागे. दिघोरीहून सकाळची एसटी आली की पानठेल्यावरची मंडळी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता रस्त्याकडे तोंड करून बसायची. सर आज कशावर आदळतात, हा त्यांचा विषय. एकदा सर भाजीवालीच्या वांग्यांवर बसले. एकदा कुठल्याशा साहेबाच्या पोटावर धडकले आणि वळून न पाहताच म्हणाले, "सरका जी जरासे." माझ्या दुकानापुढची नाली तर त्यांची ठरलेलीच होती. मी काउंटरमागून पाहायचो, पण सांगायचो नाही. सकाळी सकाळी फुकटची करमणूक कोण सोडतो?

"काहून जी सर, समोर पाहून चालाले काय होते?" मी विचारायचो.

"टेस्टिंग चालू हाय," सर प्यांटीचा चिखल झटकत म्हणायचे. "मागचा रस्ता डोक्यात किती राह्यते, ते पाहून राह्यलो."

माझ्या दुकानाच्या भिंतीला लागून त्यांचा कॉम्प्युटर क्लास. पाच कॉम्प्युटर, त्यातले तीन चालणारे. वय शेहेचाळीस, लग्न केलेलं नाही, घरी मोठी बहीण सगुणाबाई. स्वभावाने गरीब, पण एका बाबतीत महाभयंकर. कुठलीही वस्तू समोर आली की त्यांचा एकच सवाल: "हे अंदी कोठी पाह्यलं होतं का?" म्हणजे, याआधी कुठे पाहिलं होतं का? उत्तर 'हो' आलं की त्या वस्तूतून त्यांचं मन उडालंच.

लग्नपत्रिका घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी पत्रिका परत दिलेली मी पाहिली आहे. खाली चिमुकल्यांच्या नावाने 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' असं छापलेलं होतं. "या मामाचं लग्न मी सत्तर खेप पाह्यलं," सर म्हणाले. एका मास्तरांच्या निरोप समारंभात सगळ्यांनी मास्तरांना वटवृक्ष केलं, दीपस्तंभ केलं. शेवटी मेश्राम सर उठले. "यायले गणित जेमतेमच येत होतं. पण यायच्या तासाले एकबी पोरगा पळून गेला नाई," एवढंच बोलून ते खाली बसले. आयोजकांची तोंडं पाहण्यासारखी झाली. मास्तर मात्र डोळे पुसत होते, आणि वटवृक्षाच्या वेळी त्यांनी ते पुसले नव्हते.

आता माझा धंदाच नकलेचा. त्यामुळे सरांचं हे खूळ मला झोंबायचं. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. सर म्हणाले, "झेरॉक्सभाऊ, तुमचा धंदा इमानदार हाय. तुमी नक्कल काढता अन् नक्कल म्हणूनच देता. बाकीचे नक्कल काढते अन् छाती फुगवून फिरते."

या खुळाचं मूळ एका जुन्या गेममध्ये होतं. जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा झाला, त्या सुमारास भंडाऱ्याच्या एका क्लासवाल्याने तिकडे बस्तान हलवताना आपला जुना कॉम्प्युटर सरांना विकला. त्यात तो गेम निघाला. पडद्यावर एक बुटका माणूस, वर-खाली मजले, शिड्या आणि बंद दारं. हातात ना तलवार ना बंदूक. प्रत्येक खोलीतून डोकं चालवून बाहेर पडायचं, बस्स. सरांनी तो इतक्यांदा पुरा केला की त्यातली कोणतीही खोली ते खडूने फळ्यावर काढून दाखवायचे.

पुढे मोबाइल आले. मी एकदा मोठ्या हौसेने त्यांना माझ्या मोबाइलवरचा नवा गेम दाखवला. दोन मिनिटं खेळून त्यांनी मोबाइल काउंटरवर ठेवला. "हे तं त्याचीच सातवी खोली हाय. बुटक्याले टोपी घातली फकत."

"असू द्या ना सर. चांगल्या गोष्टीसारखीच दुसरी चांगली गोष्ट केली, तर बिघडलं काय?"

सर असे भडकले की क्लासमधल्या मुली टायपिंग थांबवून बाहेर आल्या. "बिघडलं! ज्यानं तो बुटक्या केला, त्यानं कोनाचं पाहून केला होता का? त्याच्या डोक्यात जे आलं ते कोनाच्याच डोक्यात नोतं, म्हणून तं मी रात्रंदिवस त्याच्या मागं लागलो. त्याले मान द्याचा असन, तं त्याच्यासारखं करू नोका. त्यानं जसं आपल्या डोक्यानं केलं, तसं आपल्या डोक्यानं करा!"

आणि ते स्वतःचा एक गेम तसा करत होते. नऊ वर्षं, क्लास सुटल्यावर, एकटेच.

त्यांच्या गेममध्ये एक बाई आहे, रोवणी म्हणजे भातलावणी करणारी. उतारावर पायऱ्यांसारख्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं आहेत. बाईने एकेक बांधी रोवत धुऱ्याला, म्हणजे कडेच्या बांधाला लागायचं आणि खालच्या बांधीत उतरायचं. पण ती चालते फक्त मागे, रोवणाऱ्या बाया चालतात तशी. रोवलेल्या जागेवर पाय ठेवता येत नाही. सुरुवातीला बांधी एकदाच पूर्ण दिसते, मग रोवलेलं तेवढं समोर दिसतं आणि मागचं सगळं काळं. कुठे खड्डा, कुठे दगड, ते लक्षात ठेवायचं. चुकलात तर आपल्याच रोवणीत अडकलात. गेममध्ये उडी नाही. "चिखलात कोन उड्या मारते?" सरांचा सवाल. सगळ्या गेममध्ये एकही अक्षर नाही, नावसुद्धा नाही. मी म्हटलं, निदान 'सुरू करा' तरी लिहा. सर ऐकून न ऐकल्यासारखे निघून गेले.

मी खेळलो तेव्हा पहिल्याच बांधीत तीनदा अडकलो. पण खरं सांगतो, मोबाइल खाली ठेववेना. म्हणून नागपूरच्या माझ्या साळ्यामार्फत मीच एका गेम कंपनीपर्यंत गोष्ट पोचवली. ऐन रोवणीच्या दिवसांत त्यांचे दोघे जण गाडी करून आले. दोघेही भले होते, गेम त्यांना मनापासून आवडला. आम्ही बाजारात आणतो, म्हणाले. माझाच ऊर भरून आला. मग त्यातल्या चष्मेवाल्याने वही उघडली. बाई समोर चालली पाहिजे. उडी हवी. बेडकांच्या डोक्यावर उडी मारली की नाणी मिळाली पाहिजेत. सूचना लिहून हव्यात. आणि धुऱ्याला लागल्यावर बाई मिनिटभर नुसती उभी राहते, ते काढून टाकायचं, तेवढ्यात लोक गेम बंद करतात.

सर उठले आणि दोघांना घेऊन रस्त्यापलीकडच्या बांधीवर गेले. तिथे बाया रोवत होत्या. सरांनी धानाच्या रोपांची, म्हणजे आमच्याकडच्या परह्यांची, एक जुडी चष्मेवाल्याच्या हातात दिली. "समोर चालत रोवून दाखवा."

माणूस हौशी होता. बूट काढले, प्यांट गुडघ्यावर घेतली आणि उतरला. एक ओळ लावली, पुढे पाऊल टाकलं ते त्याच ओळीवर. दुसरी लावली, तीही तुडवली. बांधीच्या मध्यावर पोचेपर्यंत त्याच्या मागे नुसता चिखल होता. बाया हसून हसून खाली बसायच्या बेतात आल्या. "ओ साहेब, आमचे परहे तं ठेवा!" एकीने ओरडून सांगितलं.

तो धुऱ्यावर येऊन पाय धुताना म्हणाला, "मान्य आहे सर. पण मोबाइलमध्ये चिखल नसतो. लोकांना समोर चालायची सवय आहे."

"ज्याची सवय हाय, थे तं लोकायपाशी हायच," सर म्हणाले. "थेच द्याले मी नऊ वर्सं कायले घालवले?"

सोमवारपर्यंत विचार करा, असं सांगून ते गेले. मी सरांवर जाम उखडलो. एवढी चालून आलेली संधी, आणि हा गृहस्थ लोकांना चिखलात उतरवतो! नऊ वर्षांचं काम असंच मरून जाईल, असं मी तोंडावर बोललो. सर म्हणाले, "मरू द्या. पन दुसऱ्याचा मुखवटा घालून नाई जगवाचं मले."

माझं ऐकणार नाहीत, निदान बहिणीचं ऐकतील, म्हणून रविवारी दुपारी मी एसटीने दिघोरीला गेलो. सर तळ्याकडे गेले होते. सगुणाबाई खाटेवर बसल्या होत्या, पाठीत चांगल्याच वाकलेल्या, आणि डोळ्यांसमोर मोबाइल धरला होता.

"बसा बापू. येवढी बांधी होऊ द्या."

मी पाहतच राहिलो. त्यांचा अंगठा न अडखळता चालत होता. "हे शेवटली बांधी हाय," त्या म्हणाल्या. "त्याले सोताले नाई जमत. मले जमते."

मग हळूहळू सगळं समजलं. आईवडील गेल्यावर सगुणाबाईंनी दुसरीतच शाळा सोडली आणि लोकांच्या बांध्या रोवून भावाला शिकवलं. दहा पावसाळ्यांपूर्वी गुडघे गेले, डॉक्टरने चिखलात पाय घालायला मनाई केली. "रोवणी लागली का बाया दारावरून गात जात, अन् मी या खाटेवर रडत बसो. त्यानं पाह्यलं असन. बोलला नाई काई. मंग हे आनून देल्लं." त्यांनी मोबाइल जरा तिरका करून मला दाखवला. "अक्षर दिसलं का मले भेव वाटते. याच्यात पाहा, एकबी नाई."

तेवढ्यात पडद्यावरची बाई धुऱ्याला लागली. तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि अगदी सावकाश पाठ सरळ केली. नाणी वाजली नाहीत, बाजा वाजला नाही. ती उभी राहिली, आणि खाटेवर सगुणाबाई खांदे मागे घेत तिच्याकडे टक लावून पाहत राहिल्या. त्यांची स्वतःची पाठ आता सरळ होत नाही. कंपनीला जे मिनिट कापून टाकायचं होतं ते हे. मी उगाच पाणी मागितलं.

"बाई, कंपनीचं सांगतलं का सरांनी?"

"सांगतलं ना. मी म्हटलं, तिले समोर चालवशील तं मी हात नाई लावत. माह्याच पायानं माहे परहे तुडवू काय?"

सर परतले. मला तिथे पाहून त्यांचा चेहरा आधी रागाने आणि मग लाजेने लाल झाला. ते उंबऱ्यातच थांबले. मग दबल्या आवाजात विचारलं, "झेरॉक्सभाऊ, हे अंदी कोठी पाह्यलं होतं का?"

"नाही सर," मी म्हणालो. "कुठंच नाही."

सोमवारी कंपनीचा फोन माझ्याकडेच आला. मी सरांना विचारायच्या भानगडीत पडलो नाही. समोर चालणाऱ्या बाया तुम्हाला पाहिजे तितक्या मिळतील, आमची मिळणार नाही, असं ठणकावून सांगितलं आणि फोन ठेवला. माझा साळा अजून माझ्याशी नीट बोलत नाही. न बोलू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी आली. पानठेल्यावरची मंडळी सावरून बसली. सर मागे मागे येत नालीपासून चार पावलांवर पोचले, तेव्हा मी काउंटर सोडून रस्त्यावर आलो.

"सर, तुमच्या डाव्या हाताले दोन पावलं सरका. नाली हाय."

सर थबकले. वळून पाहिलं नाही. दोन पावलं डावीकडे सरकले आणि कोरड्या पायांनी माझ्या पायरीला लागले. बॅग खाली ठेवली, दोन्ही हात कमरेवर घेतले आणि सावकाश पाठ सरळ केली. दुकानात एक गिऱ्हाईक आधारकार्ड हातात धरून घाई करत होतं. मी त्याला एक मिनिट थांबायला सांगितलं.