मायकेलराव आणि काडतुसांचा भाव

मायकेलरावांना "बरे आहात ना?" असं विचारलं की ते बंदुकीच्या काडतुसांचा भाव सांगतात. पाऊस असो, गावात मयत असो, आधी भाव.

हे आयर्लंडमधल्या नावन गावातले आमचे शेजारी. वय ऐंशीच्या घरात. एकटेच राहतात. पूर्वी शेती होती, ती विकली. माझा मुलगा इथल्या औषधांच्या कारखान्यात लागला, म्हणून मी इथे आले. मायकेलरावांचं इंग्रजी मला निम्मं कळतं, माझं त्यांना पाव. मी चौथी पास. पण भाव म्हटला की माझे कान आपोआप टवकारतात.

"मिसेस, काडतुसं ऑक्टोबरात घेतो तो गाढव," ते कुंपणावरून सांगत. नोव्हेंबरात रानकोंबड्यांची शिकार सुरू होते, तेव्हा सगळेच दुकानात धावतात. जानेवारीअखेर शिकार बंद झाली की उरलेला माल स्वस्त.

"मग घेतलीत का?"

"होल्ड ऑन नाऊ. अजून उतरेल."

दर गुरुवारी दुकानात जायचं, भाव काढायचा आणि रिकाम्या हाताने परतायचं. मला हा माणूस खुळा वाटायचा. अर्थात मी तरी कुठली शहाणी! तूरडाळ स्वस्त लागली म्हणून एकदा मी इतकी आणली, की सुनेचं प्रेस, म्हणजे इथलं कपाट, बंद होईना. डाळीला कीड लागली आणि सून महिनाभर माझ्याकडे न बघता वरण वाढत होती.

फेब्रुवारीत बाजारात गेले, तर त्या काडतुसं-बुटांच्या दुकानाच्या काचेवर ‘सेल’. तेवढं मला वाचता येतं. म्हटलं, हा बाबा थांबत बसेल आणि माल संपेल. आपणच घेऊन टाकू. पिशवी सरसावून आत शिरले.

"काडतुसं द्या. दोन खोकी. ताजी बघून."

"परवाना?" दुकानदार म्हणाला.

"परवाना कशाला? मी काय बंदूक मागतेय?"

मागचं एक गिऱ्हाईक हसलं. "आजी, कोणाला मारायचंय?"

सुनेला, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तिला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना. "मायकेलसाठी," मी म्हणाले. "शेजारी आहेत माझे."

दुकानदाराने काउंटरवर हात टेकले. मग मला कळेल असं सावकाश बोलला. मायकेलचे डोळे गेल्यात जमा आहेत. दोन वर्षांपूर्वी त्याने स्वतःच बंदूक आणून विकली, परवाना सोडला. पण गुरुवारी येतो, भाव विचारतो. आम्ही सांगतो.

"खरा?"

"खराच. खोटा सांगितला तर लगेच ओळखतो."

आता मी तोंडाची फटकळ. लग्नानंतर आठवड्यातच नवऱ्याला सांगितलं होतं, की गाऊ नका, म्हशी बुजतात. ‘बंदूक नाही, तर काडतुसं कशाला हो?’ हे वाक्य मी घरी येईपर्यंत इंग्रजीत जुळवूनही ठेवलं. पण ते बोलले असते, तर मायकेलरावांचा गुरुवार संपला असता. एवढं चौथीवालीलाही कळतं.

गुरुवारी ते कुंपणाशी आले. भाव सांगितला नाही. टोपी काढून हातात धरली.

"मिसेस, तुम्ही दुकानात गेला होतात म्हणे."

"बूट बघायला," मी म्हणाले.

ते बराच वेळ माझ्या पायांच्या दिशेने बघत राहिले. मग टोपी घातली.

"बूट आत्ता घेऊ नका. मार्चमध्ये घ्या."

"बुटांतलं कळतं तुम्हाला?"

"मिसेस!" त्यांना चांगलंच लागलं.

"मग दर गुरुवारी मला बरोबर न्या. एकटीला मला बस कुठली ते कळत नाही."

"ग्रँड," ते म्हणाले, म्हणजे ठरलं.

बस मला चांगली कळते. त्यांना मात्र आता तिचा नंबर दिसत नाही.