गुलाम मुक्त होईपर्यंत वैध

ओल्ट नदीकाठच्या आमच्या गावात झांबिला मावशीचं घर बेकायदा होतं, याबद्दल कचेरीत दुमत नव्हतं. घर चाळीस वर्षं उभं होतं, पण कागदावर नव्हतं. पाडण्याची नोटीस मीच लिहिली. कारकुनांत अक्षर माझं बरं आहे.

त्याच आठवड्यात बुखारेस्टहून टीव्हीवाले आले. आमच्याकडच्या रोमा, म्हणजे झांबिलाच्या जमातीच्या, लोकांची जुन्या काळातली गुलामगिरी आणि ती उठवण्यासाठी झालेला लढा, यावर त्यांना हलकीफुलकी मालिका काढायची होती. मेयरसाहेबांनी चित्रीकरणासाठी उभारलेल्या गुलामांच्या बारा झोपड्यांना एका दिवसात परवाना दिला. उपयोग : गुलामांचं वास्तव्य. मुदत : गुलाम मुक्त होईपर्यंत. झांबिलाचा अर्ज एकोणीस वर्षं विचाराधीन होता.

मंगळवारी तिचं घर पाडलं. बुधवारी ती चार नातवंडं, चूल आणि कोंबड्या घेऊन सातव्या झोपडीत शिरली. मी हाकलायला गेलो.

“वाचा की साहेब, अक्षर तुमचंच आहे. गुलामांचं वास्तव्य! मी गुलाम नंबर सात. हा मालिकेचा करार.”

नियम तिच्या बाजूने निघाला. कचेरीत असं पूर्वी घडलं नव्हतं, त्यामुळे काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. महिन्याभरात तिची अख्खी वस्ती पाडून झाली आणि बाराही झोपड्या भरल्या. दिग्दर्शक होरात्सियू खूश. धूर काय अस्सल येतोय, म्हणाला.

मग मुक्तीचा प्रसंग आला. पहिल्या दिवशी जमीनदाराचा घोडा सापडेना. दुसऱ्या दिवशी चर्चच्या घंटेची दोरी गायब. तिसऱ्या दिवशी मुक्तीचा जाहीरनामाच कुणीतरी चुलीत घातला.

होरात्सियू रडकुंडीला आला. “मावशी, तुम्हाला स्वातंत्र्य नको का हो?”

“हवंय की रे बाळा! पण थंडी सरल्यावर दे. मार्चमध्ये बघ ना.”

“अहो, शनिवारी आम्हाला निघायचंय!”

शनिवारी नवा जाहीरनामा वाचला गेला. झांबिलाने जमीनदाराचे बूट धरले आणि हंबरडा फोडला, “मालक, मोकळं करू नका हो! पोरांना घेऊन जाऊ कुठे?” हे संहितेत नव्हतं. होरात्सियूने ते तसंच ठेवलं. संध्याकाळी, गुलाम मुक्त झाल्याने परवाना संपला असा शेरा मी मारला आणि बुलडोझर आला.

नाताळात तो भाग लागला. अख्खं गाव रडलं. पाद्र्यांच्या बायकोला दोन रुमाल पुरले नाहीत, मेयरसाहेबांना हुंदका आवरेना. मी तर ढसाढसा रडलो. तुम्हीही रडला असतात, मन चांगलं आहे तुमचं.

दुसऱ्या दिवशी झांबिला दारात उभी. नातवंडं मागे कुडकुडत होती. “साहेब, तुमच्या शेजारचं घर रिकामं आहे म्हणे. किल्ली तुमच्याकडे असते. भाडं देऊ आम्ही.”

माझे डोळे अजून सुजलेले होते. मी म्हटलं, “कालच गेलं हो ते.”

नाकं मुरडू नका. शेजार तुमचा असता तर किल्ली दिली असती का, तेवढं सांगा.