पत्रिका वाटायला गेलेला माणूस

उन्नतीने बापाला साफ सांगून टाकलं होतं, "बाबा, रविवारच्या मीटिंगला गेला नाहीत किंवा परत प्यायलात, तर माझ्या हळदीला तुमच्या जागी मामा बसेल." मामा म्हणजे केसरीनाथाचा मेव्हणा. जमीन गेली तरी चालेल, पण आपल्या पाटावर मेव्हणा बसता कामा नये, हे केसरीनाथाचं पक्कं मत. तेव्हा दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जाणं भागच होतं.

पत्ताही तिनेच काढून दिला. टेमघर, शाळेचा पहिला मजला, दुपारी चार. "तिथलं तिथंच राहतं, कोणी बाहेर बोलत नाही," असंही बजावलं. केसरीनाथाला ते पटलं नाही. कोन गावापासून शेलारपर्यंत ज्याची सोयरीक पसरलेली, त्याने टेमघरात गुपचूप काही करायचं म्हणजे वरातीत लपून नाचण्यासारखं. मग त्याने अक्कल लढवली आणि हळदीच्या पत्रिकांची पिशवी खांद्याला अडकवली. लग्नसराईत पत्रिका घेऊन फिरणाऱ्याला कोणी "इकडे कुठे?" म्हणून विचारत नाही.

पण चहावाल्याने विचारलं. केसरीनाथाने त्याला फक्त शाळेचा रस्ता विचारला होता.

"आज तो संडे है, काका. स्कूल में क्या काम?"

"पत्रिका देनेका हाय."

"किसको?"

केसरीनाथ गडबडला. "तुमकोच," म्हणाला आणि एक पत्रिका त्याच्या हातात ठेवून मोकळा झाला. चहावाला गहिवरला. चौदा वर्षं भिवंडीत चहा विकत होता, पण त्याला लग्नाला कोणी बोलावलं नव्हतं. बाजूच्या लूमवरची शिफ्ट नुकतीच सुटली होती. तो ओरडला, "अरे आओ, काका सबको बुला रहे हैं!" अकरा पत्रिका तिथेच गेल्या. तिघांनी तर जेवणात काय काय आहे तेही विचारून घेतलं.

शाळेच्या फाटकावर वॉचमनने अडवलं. "शाला बंद हाय. कोन पायजे?"

"तुम्हीच," केसरीनाथ म्हणाला. आता त्याला सवय झाली होती.

वरच्या वर्गात आठ माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसली होती. त्यातले सात चेहरे पाहून केसरीनाथ दारातच थबकला. शेलारचा अनंता, ज्याच्याबरोबर त्याने चार हळदी उजाडेपर्यंत जागवल्या होत्या. लहानू, जो मागच्या हळदीत नवरदेव समजून बँडवाल्याला ओवाळत होता. बाकीचे पाचही त्याच पंगतीतले. ही मंडळी आणि दारू सोडणार? शक्यच नाही. आपण चुकीच्या वर्गात शिरलो, एवढं केसरीनाथाने ओळखलं.

"पत्रिका द्यायला आयलो," असं म्हणत त्याने भराभर वाटप सुरू केलं. वाटता वाटता त्याने तोंडी आमंत्रणही देऊन टाकलं. "पंधरा तारखेला हलद हाय. सगल्यांनी येयाचं! माल कमी परनार न्हाय, पन्नास पेट्या सांगितल्यात!"

दारूच्या पेट्या त्याने सांगितल्या नव्हत्या. पण हळदीचं बोलावणं द्यायला तोंड उघडलं की पुढचं आपोआप बाहेर पडायचं. लहानूने कपाळाला हात लावला.

त्यांच्यातला आठवा, अनोळखी माणूस उठला. "मी धम्मपाल. या शाळेत क्लार्क आहे. नऊ वर्षं झाली, दारूला हात लावला नाही. बसा भाऊ, चहा घ्या. अनंता, तुझं चाललं होतं, बोल पुढे."

म्हणजे वर्ग बरोबरच होता. केसरीनाथ मटकन खाली बसला.

अनंता मान खाली घालून बोलू लागला. "ब्यान्नव दिवस झाले. पावसात हलदी नसतात, म्हनून निभावलं. आता एका घरी हलद हाय. तो मानूस ऐकतच न्हाय. न्हाय बोललो तं ग्लास तोंडाला लावतो, बोलतो, मना मान देत न्हाय काय? न जावं तं सोयरीक तुटते. झोप उडालीय माझी."

"मी पन त्याच हलदीला भितो," लहानू म्हणाला.

केसरीनाथाचं रक्त तापलं. "असा कोन हाय तो? नाव सांगा, मी बगतो त्याला!"

सगळे आपापल्या हातातल्या पत्रिकेकडे बघत राहिले.

केसरीनाथाला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा मात्र शरमेने त्याने चहाचा कप बाकावर ठेवून दिला. आपल्या पाहुणचारामुळे गाव आपल्याला मानतं, असं तो वीस वर्षं समजत होता. त्याने तिथल्या तिथे मुलीला फोन लावला.

"उन्नती, पोरी, तुझ्या हलदीला दारू न्हाय. एक थेंब न्हाय. मी लय चुकलो गं..." आणि तो चक्क रडू लागला.



"बाबा, किती घेतलीत?"

"थेंब न्हाय घेतला! मीटिंगला हाय!"

"लय चुकलो म्हणून तुम्ही चौथ्या पेगनंतरच रडता."

केसरीनाथाने घाईघाईने स्पीकर लावला. "सांगा रं तिला!"

"न्हाय पियला गं तो!" सातही जण एकदम ओरडले.

"अनंताकाका? लहानूकाका?" उन्नती एकेक आवाज ओळखत गेली. मग आत तोंड करून ओरडली, "आई, गाडी काढायला सांग. मोठी काढ, सगळेच आडवे झालेत!"